एनएचएसचा अर्ज आणि मानसिक आजार: कुणाला, कधी, किती सांगायचं

"ताई, डिप्रेशनची गोळी चालू आहे. फॉर्मवर काय टाकू?" मिरज, नाशिक, पणजी, कुठूनही सिस्टरचा फोन आला की पहिल्या दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. बहुतेक जणींनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. एकीचं उत्तर असतं झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणजे सगळीकडे 'नाही'. दुसरी एजन्सीच्या पोरापासून इंटरव्ह्यूच्या पॅनेलपर्यंत सगळ्यांना सगळं सांगून मोकळी होते. दोघींचीही गाडी अडते, फक्त वेगवेगळ्या फाट्यावर.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, नोकरी मिळेपर्यंत तुमच्या तब्येतीची चौकशी वेगवेगळ्या खिडक्यांवर होते. प्रत्येक खिडकीमागे वेगळा माणूस असतो आणि त्याला वेगळंच काही हवं असतं. खाली तोच क्रम दिला आहे. हा लेख इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरता आहे, कारण उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा आहे. लिहिलंय नर्सिंग डोळ्यासमोर ठेवून. डॉक्टरांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा 1: अर्जाच्या आधी, घरी बसून

कागद गोळा करा. तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांकडून लेटरहेडवर, इंग्रजीत, नोंदणी क्रमांकासह एक पत्र घ्या. आपल्याकडचे डॉक्टर सवयीने एका ओळीत 'फिट फॉर ड्युटी' लिहून देतात. त्या ओळीचा तिकडे काही उपयोग होत नाही. पत्रात एवढं यायला हवं:

- निदान काय आणि ते कधी झालं
- आत्ता कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, कधीपासून
- शेवटचा मोठा त्रास कधी झाला, तेव्हा कामावरून किती दिवस सुट्टी लागली
- आता तब्येत कशी आहे, किती महिन्यांनी दाखवायचं आहे
- कामात कशाने त्रास वाढू शकतो (असेल तर)

औषधाचं नाव जेनेरिक लिहून घ्या. 'नेक्सिटो' म्हटलं तर तिकडच्या नर्सला काही कळणार नाही, 'एस्सिटॅलोप्रॅम' म्हटलं की लगेच कळेल. लिथियम चालू असेल तर रक्तातल्या पातळीचे अलीकडचे रिपोर्ट जोडा. जुने केसपेपर हरवले असतील तर जिथे उपचार झाले तिथे मागा. आपल्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 25 ने तुम्हाला दिला आहे. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसण्याची शक्यता भरपूर, म्हणून अर्ज लेखी द्या.

स्वतःचा हिशेब मांडा. मागच्या तीन वर्षांत तब्येत कधी बिघडली आणि तेव्हा काय चाललं होतं? सलग नाइट? झोप? घरातलं काही? तिकडची लाँग डे बहुतेक ठिकाणी साडेबारा तासांच्या आसपास असते आणि दिवस-रात्रपाळ्या एकाच रोटात, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात, मिसळलेल्या असतात. तीन नाइट लागोपाठ केल्यावर तुमचं काय होतं, याचं खरं उत्तर आधी स्वतःला द्या. पुढे पाचव्या टप्प्यात याच उत्तरावर सगळं उभं राहतं.

> सावधान: 'रेकॉर्ड क्लीन दिसावं' म्हणून अर्जाआधी गोळ्या बंद करू नका. मला दिसणारी सगळ्यात घातक चूक हीच. तुम्ही स्थिर आहात हे औषध नियमित चालू असल्यानेच सिद्ध होतं. बंद केलेल्या औषधाचा झटका तर नेमका ऑस्कीच्या (नोंदणीसाठी तिकडे द्याव्या लागणाऱ्या प्रात्यक्षिक) परीक्षेच्या आणि डिसेंबरच्या अंधाराच्या काळात बसतो, तेव्हा दुपारी चारच्या आत दिवस मावळलेला असतो आणि घर सहा हजार किलोमीटरच्याही पलीकडे असतं.

## टप्पा 2: एजन्सीचा फॉर्म

बऱ्याच एजन्सी सुरुवातीलाच 'मेडिकल हिस्टरी'चं पान पुढे करतात. एजन्सी म्हणजे तुमचा मालक नव्हे आणि आरोग्य विभागही नव्हे. तो कागद कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरेल, सांगता येत नाही.

इथे 'नाही' असं खोटंही लिहू नका आणि निदानही लिहू नका. एकच वाक्य लिहा: "आरोग्याविषयीची माहिती मी ऑफरनंतर ट्रस्टच्या ऑक्युपेशनल हेल्थ विभागाला थेट देईन." (ट्रस्ट म्हणजे हॉस्पिटल चालवणारी एनएचएसची संस्था, ऑक्युपेशनल हेल्थ म्हणजे कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचं पाहणारा तिचा विभाग.) एजन्सीने फारच रेटा लावला तर मला त्या एजन्सीचीच शंका येते.

## टप्पा 3: मुख्य अर्ज

अर्ज ऑनलाइन असतो आणि त्याचे दोन भाग दोन वेगळ्या ठिकाणी जातात. सगळा घोळ इथेच होतो.

समानता-नोंदीचा भाग. वय, धर्म, वंश, अपंगत्व यांची माहिती आकडेवारीसाठी घेतात. निवड करणाऱ्यांना ती दिसत नाही. 'सांगायचं नाही' असा पर्यायही असतो. काहीही निवडलं तरी चालतं.

'गॅरंटीड इंटरव्ह्यू'चा चौकोन. बऱ्याच ट्रस्टमध्ये, अपंगत्व असलेला उमेदवार किमान अटी पूर्ण करत असेल तर त्याला मुलाखतीला बोलावतात. मानसिक आजारही यात येऊ शकतो. 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टनुसार आजाराचा रोजच्या जगण्यावर ठळक परिणाम हवा आणि तो 12 महिने टिकलेला किंवा टिकेल असा हवा. तो परिणाम औषध नसतं तर किती झाला असता, असं धरून मोजतात. म्हणून गोळीमुळे आज ठणठणीत असलेली बाईसुद्धा या व्याख्येत बसू शकते. मात्र हा चौकोन भरला की काहीतरी आहे एवढं भरती करणाऱ्यांना कळतं, काय आहे ते कळत नाही. तुमचा अर्ज एरवीही भक्कम असेल तर याची गरज सहसा पडत नाही, असं माझं मत.

'सपोर्टिंग इन्फर्मेशन'. ही जागा कामाच्या अनुभवासाठी असते. मी वाचलेल्या एका मसुद्यात पहिला परिच्छेद 'मी स्वतः नैराश्यातून गेले आहे म्हणून रुग्णांचं दुःख समजते' असा होता. पुढे आयसीयूचा चार वर्षांचा अनुभव, तोही तिसऱ्या परिच्छेदात! तो मजकूर निवड करणारे वाचतात, प्रिंट काढतात, फाइलला लावतात. अनुभव वर घ्या आणि आजार इथून काढा.

कामातला खंड. एनएचएसमध्ये किमान मागच्या तीन वर्षांच्या नोकरीची पडताळणी होते, त्यामुळे रिकामे महिने दिसणारच. ते लपवायला तारखा ओढूताणून जोडू नका. जुन्या हॉस्पिटलकडून संदर्भपत्र आलं की तारखा जुळत नाहीत आणि मग आजार बाजूला राहून प्रश्न तुमच्या खरेपणाचा होतो. 'मार्च ते ऑक्टोबर: आजारपणामुळे विश्रांती, त्यानंतर पूर्णवेळ कामावर रुजू' एवढं पुरतं. आजाराचं नाव लिहायची गरज नाही.

> पाठवण्याआधी तपासा: तारखा अनुभवपत्राशी जुळतात का? निदानाचं नाव मुख्य अर्जात कुठे राहिलंय का? मुलाखतीसाठी काही सोय हवी असेल तर ती मागितली का?

## टप्पा 4: मुलाखत

इक्वॅलिटी ॲक्टच्या कलम 60 मुळे ऑफर देण्याआधी मालकाने उमेदवाराच्या तब्येतीविषयी विचारायचं नसतं. याला मोजके अपवाद आहेत: मुलाखतीसाठी काही सोय लागेल का, किंवा त्या कामाचा अगदी गाभ्याचा एखादा भाग करता येईल का. आजारपणाच्या सुट्ट्या किती झाल्या, हेही ऑफरआधी खोदून काढायचं नसतं.

तरी एखादीने विचारलंच तर भांडू नका, कायद्याचं कलमही तोंडावर फेकू नका. "या कामाच्या जबाबदाऱ्या मी पार पाडू शकते. आरोग्याचे प्रश्न ऑफरनंतर ऑक्युपेशनल हेल्थशी बोलायला मला आवडेल," एवढं म्हणा. बाहेर आल्यावर मात्र प्रश्न जसाच्या तसा, तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवा.

'तुम्ही ताण कसा हाताळता?' हा प्रश्न वेगळा. तो सगळ्यांनाच विचारतात. उत्तर वॉर्डमधलं द्या: दोन पेशंट एकदम कोसळले तेव्हा आधी कुणाला बोलावलं, काय सोपवलं, नंतर हँडओव्हरमध्ये काय सांगितलं. स्वतःच्या उपचारांची गोष्ट इथे उघडू नका.

## टप्पा 5: ऑक्युपेशनल हेल्थचा फॉर्म

खरं बोलायची जागा ही.

निवड झाली की 'कंडिशनल ऑफर' येते. त्यापुढे ओळख, नोकरीचा इतिहास, नोंदणी, काम करण्याचा परवाना, गुन्हेविषयक नोंद आणि आरोग्य अशा सहा तपासण्या असतात. आरोग्याची तपासणी ऑक्युपेशनल हेल्थ, म्हणजे सगळे म्हणतात तो 'ओएच', करतो. तिथले नर्स-डॉक्टर तुमची माहिती गोपनीय ठेवायला बांधील असतात.

प्रश्नांचे शब्द बदलतात, पण रोख साधारण असा असतो: कामावर परिणाम करू शकेल असा शारीरिक किंवा मानसिक आजार आहे का? कामामुळे झालेला किंवा वाढलेला आजार कधी होता का? सध्या उपचार किंवा तपासण्या चालू आहेत का? काम करायला काही सोय लागेल का?

तिसरा प्रश्न नीट वाचा. गोळी चालू असेल तर त्याचं उत्तर 'हो' आहे. 'आता बरं वाटतंय' म्हणून ते 'नाही' होत नाही.

आपणहून जगाला सांगत सुटायची कायद्याने सक्ती नाही. पण इथे थेट विचारलं आहे आणि खाली सही तुमची आहे. खोटं उत्तर नंतर उघड झालं तर नोकरी जाऊ शकते, शिवाय प्रामाणिकपणाचा मुद्दा नोंदणी देणाऱ्या परिषदेपर्यंत पोचू शकतो. माझ्या ओळखीच्या एका सिस्टरने चारही ठिकाणी 'नाही' टिक केलं. सातव्या महिन्यात नाइट झेपेनात, तेव्हा तिने सोय मागितली. समोर तिचाच जुना फॉर्म ठेवला गेला. त्या बैठकीतला पाऊण तास चार टिकांवर गेला, तिच्या झोपेवर बोलायला पाच मिनिटंही उरली नाहीत.

दुसरी बाजूही आहे. मालकाला आजाराची कल्पनाच नसेल तर सोय करून देण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर येत नाही.

उत्तर कसं लिहायचं. आधी मराठीत चार वाक्यं मांडा, मग इंग्रजी करा. काय, कधी, आता, हवंय काय, हा क्रम. नमुना:

"2021 मध्ये मध्यम स्वरूपाच्या नैराश्याचं निदान झालं, तेव्हा सहा आठवडे रजेवर होते. तेव्हापासून एस्सिटॅलोप्रॅम 10 मिलिग्रॅम रोज घेते आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवते. मागची दोन वर्षं पूर्णवेळ काम केलं, या कारणाने एकही रजा घ्यावी लागली नाही. लागोपाठ तीनपेक्षा जास्त नाइट नसाव्यात आणि तपासणीसाठी वेळ मिळावा, एवढीच सोय हवी आहे."

सासर, हुंडा, ब्रेकअप, आईचं दुखणं यातलं काही नको. निदानाची तीव्रता कमी करूनही लिहू नका. दोनदा ॲडमिट झाला असाल तर 'थोडं टेन्शन होतं' चालणार नाही. आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल आणि थेट विचारलं असेल तर वर्ष, नंतर घेतलेले उपचार आणि आज मदतीला कोण आहे, हे साध्या शब्दांत लिहा. पुन्हा त्रास सुरू झाला तर लवकर ओळखायच्या खुणा कोणत्या आणि तेव्हा तुम्ही काय करता, हे दोन ओळींत दिलंत तर ओएचचं निम्मं काम होतं.

> सावधान: कंडिशनल ऑफर म्हणजे पक्की ऑफर नव्हे. ओएचची मंजुरी आणि बाकी तपासण्या लेखी पूर्ण झाल्याशिवाय इथल्या नोकरीचा राजीनामा टाकू नका.

## टप्पा 6: ओएचचा फोन आणि अहवाल

'हो' लिहिलं की बहुधा फोन येतो. माझा आला तेव्हा मी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात गोळ्यांची स्ट्रिप, डॉक्टरांचं पत्र आणि लसींचा कागद पसरून बसले होते, हात गार पडलेले. पलीकडच्या बाईंनी डिप्रेशनबद्दल चार प्रश्न विचारले, औषधाचं स्पेलिंग विचारलं आणि त्याच्या दुप्पट वेळ माझ्या हेपॅटायटिस बीच्या टायटरवर, म्हणजे लसीनंतरच्या अँटीबॉडीच्या रिपोर्टवर, घालवला. कारण तो रिपोर्ट मी जोडलाच नव्हता. म्हणून आधीच सांगते: कांजिण्या, गोवर-रुबेला, हेपॅटायटिस बी, टीबी यांचे कागद पूर्ण ठेवा. मंजुरी पुष्कळदा तिथे अडकते आणि लोकांना वाटतं मानसिक आजारामुळे अडकली.

फोननंतर ओएच भरती विभागाला निष्कर्ष कळवतो: काम करायला योग्य, काही सोयींसह योग्य, किंवा आत्ता योग्य नाही. तुमच्या संमतीशिवाय निदान पुढे जात नाही. अहवाल पाठवण्याआधी मला दाखवा, असं फोनवरच म्हणा. 'ॲव्हॉइड ऑल नाइट्स' आणि 'लागोपाठ तीनपेक्षा जास्त नाइट नकोत' यांत किती फरक आहे, हे रोटा लावणाऱ्या मॅनेजरला विचारा! चुकीचा शब्द तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

तिकडच्या तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून अहवाल मागवायचा झाला तर तुमची संमती लागते आणि तो जाण्याआधी वाचायचा हक्क 1988 च्या ॲक्सेस टू मेडिकल रिपोर्ट्स ॲक्टने मिळतो. संमतीपत्रावर 'मला आधी पाहायचा आहे' हा चौकोन असतो. घाईत तो रिकामा राहतो.

## टप्पा 7: नोंदणी परिषदेची घोषणा

क्रमाने हे आधी किंवा समांतर येतं, कारण एनएमसीची (ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची) नोंदणी ही वेगळी वाट आहे. ओएचला सांगितलं म्हणजे एनएमसीला कळलं असं नाही, आणि उलटही नाही.

एनएमसीचा प्रश्न आजारांच्या यादीचा नसतो. सुरक्षितपणे आणि नीट काम करण्याच्या आड येणारं काही आहे का, एवढंच ती पाहते. आजार असूनही तो आटोक्यात असेल, तुम्हाला त्याची जाण असेल, उपचार चालू असतील, तर तिच्या भाषेत तुमचं आरोग्य 'चांगलं' असू शकतं. घोषणेवरचं मार्गदर्शन वाचून, तुमच्या डॉक्टरांशी बोलून उत्तर द्या आणि ओएचला जे लिहिलंय त्याच्याशी ते जुळू द्या. नोंदणीनंतरही तब्येत सांभाळणं एनएमसीच्या संहितेत आहेच, आणि दर तीन वर्षांनी रीव्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणात, हीच घोषणा पुन्हा करावी लागते.

डॉक्टरांसाठी परिषद जीएमसी (जनरल मेडिकल कौन्सिल), पण तर्क हाच. इंग्लंडमध्ये डॉक्टरांना 'प्रॅक्टिशनर हेल्थ' ही एनएचएसची गोपनीय, मोफत सेवा आहे. नोकरीच्या ठिकाणी कुणाला न सांगता तिथे जाता येतं.

## टप्पा 8: ऑफर मागे घेतली तर

होतं असं, कायदा असूनही. कारण लेखी मागा. कोणत्या सोयींचा विचार केला आणि त्या का शक्य नाहीत, हेही विचारा. चौथ्या टप्प्यातली वही इथे कामाला येते. आरसीएन किंवा युनिसनसारख्या युनियनचं सभासदत्व असेल तर त्यांना आणि 'अकास' या मालक-कर्मचारी वाद सोडवायला मदत करणाऱ्या संस्थेला लगेच गाठा. ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीच्या वादांच्या न्यायाधिकरणात, जायचं तरी आधी अकासकडेच नोंद करावी लागते आणि मुदत महिन्यांत मोजायची असते. 'बघू, थोडं शांत होऊ दे' करता करता ती निघून जाते. हे सगळं निस्तरताना स्वतःलाच सावरेनासं झालं तर भारतात टेलीमानसचा 14416 आणि ब्रिटनमध्ये समॅरिटन्सचा 116 123 हे दोन्ही क्रमांक दिवसरात्र चालू असतात.

## टप्पा 9: विमानात बसण्याआधी आणि पहिला महिना

गोळ्या चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. हातातल्या बॅगेत, मूळ स्ट्रिपमध्ये, डॉक्टरांच्या पत्रासकट घ्या. झोपेच्या आणि अँग्झायटीच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम, तिकडे नियंत्रित औषधांत मोडतात. किती नेता येतात, परवाना लागतो का, हे ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर निघण्याआधी पाहा. विमानतळावर विचारून उपयोग नाही.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. बँकेचं खातं, सिम कार्ड, भाड्याचं घर या धावपळीत हे मागे पडतं, आणि मग स्ट्रिप संपायला चार दिवस उरतात तेव्हा अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळते.

वॉर्ड मॅनेजरला निदान सांगायचं की नाही, हे सर्वस्वी तुमच्यावर. ओएचने सुचवलेली सोय रोटात दिसली पाहिजे, तेवढं मात्र मॅनेजरशी बोलावंच लागतं. पहिला रोटा आला की लागोपाठच्या नाइट मोजा. सोय तिथे दिसत नसेल तर ओएचच्या अहवालाची तारीख देऊन त्याच दिवशी ईमेल करा. चहाच्या खोलीत सांगितलेलं पुढच्या रोटापर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.